पाठमोरी चढणारी गाडी

आमच्या डॉक्टरांचा डावा गुडघा निकामी झालाय असं मी कुणाला सांगितलं की ते चिडायचे. "निकामी नाही, फक्त वाकत नाही," अशी दुरुस्ती करायचे. जणू त्यात फार मोठा फरक होता. एकोणीसशे एकोणऐंशीच्या पावसाळ्यात पावसकडून येताना त्यांची मोटारसायकल घसरली आणि चिऱ्यांच्या गडग्यावर आदळली. हाड सांधलं, पण गुडघा सरळचा सरळ राहिला. स्वतः डॉक्टर असल्यामुळे त्यांनी दुसऱ्या डॉक्टरचं काही ऐकलं नाही, त्याचाही हातभार लागला असणार.

आमचं घर रत्नागिरीबाहेर, भाट्याची खाडी ओलांडल्यावर सड्यावर जायला जो चढ लागतो त्याच्या पायथ्याशी होतं. पुढच्या पडवीत दवाखाना, मागे आम्ही दोघं. मी शहरात मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. डॉक्टरांचा खरा दवाखाना मात्र पडवीत नव्हताच. तो त्या चढाच्या वर होता, पावस, पूर्णगड आणि मधल्या वाड्यांमध्ये. कुठे बाळंतपण अडलं, कुठे ताप उतरेना झाला, की माणूस निरोप घेऊन धावत यायचा आणि हे मोटारसायकलला किक मारायचे. आमच्या लग्नाला तेव्हा सतरा वर्षं झाली होती, आणि या सतरा वर्षांत नवऱ्याची कुठली बाजू मला सगळ्यात जास्त ओळखीची झाली असेल तर ती पाठ. मी फाटकात उभी राहायचे आणि हे चढावरच्या वळणापर्यंत एकदाही मागे बघायचे नाहीत.

अपघातानंतर ती पाठ दोन वर्षं पडवीतल्या खुर्चीला टेकून राहिली. मोटारसायकल गेली. क्लच दाबायला पाय नाही म्हणून जीपही नको. शेजारपाजारचे म्हणायचे, आम्ही नेतो, आम्ही आणतो. त्यावर यांचं एकच उत्तर होतं. "मला उचलून न्यायचं नि उचलून आणून ठेवायचं! मी काय शिमग्यातली पालखी आहे?" मग वेळ जाईना म्हणून माझ्या विद्यार्थिनींच्या वह्या तपासायला लागले आणि सगळ्यांना भरमसाट मार्क देऊन माझी शाळेतली अब्रू घालवली. जेवण कमी झालं. बोलणं तर त्याहून कमी. मला हा माणूस घरात नुसता बसलेला बघवत नव्हता, हे इथेच सांगून टाकते, कारण पुढे मी जे केलं त्यावरून कुणाचा तसा समज व्हायचा नाही.

मग एक्याऐंशीच्या दिवाळीनंतर गाडी आली. डॉक्टरांच्या मुंबईतल्या एका वर्गमित्राच्या सासऱ्यांची ती विलायती मोटार. सासरे गेले आणि गाडी बरीच वर्षं खोळ पांघरून उभी होती. तिला क्लच नव्हता. गिअर तिचे तीच बदलायची, आपण फक्त दांडी 'पुढे' किंवा 'मागे'वर ठेवायची आणि उजव्या पायाने काय ते करायचं. डॉक्टरांनी पत्र वाचलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मला हाक मारून जवळ बसवलं. रंग पांढरट पिवळा, लांबी एवढी की आमच्या फाटकातून आत येताना तिला तीनदा मागेपुढे करावं लागायचं. सगळी वाडी बघायला जमली. रत्नागिरीतल्या गॅरेजवाल्याने आत डोकं घातलं, खाली बघितलं, पुन्हा बघितलं आणि गंभीरपणे म्हणाला, "डॉक्टर, फसवलंनीत तुम्हाला. एक पेडल काढून घेतलानीत."

दीड महिना सगळं छान चाललं. डॉक्टर पूर्णगडापर्यंत जाऊन यायला लागले. जेवायलाही लागले. आणि मग गाडीला चढावर दम लागायला लागला.

'दम लागणे' हा शब्द माझा नाही. डॉक्टरांनी तिचा केसपेपर काढला होता. मी अजून जपून ठेवलाय. 'वय: अंदाजे वीस. तक्रार: सपाटीवर चालते, चढावर इंजिन ओरडते, पण गाडी जागची हलत नाही. दांडी पुढे टाकल्यावर क्षणभर विचार करते, मग धक्का देते. भूक: जास्त.' स्टेथोस्कोप लावून त्यांनी गिअरची पेटी चारी बाजूंनी ऐकली. आमच्याकडे त्या वेळी बसलेला खोकल्याचा पेशंट म्हणाला, "डाक्तर, माझ्या छातीत पन असाच आवाज येतो." त्यालाही तपासलं आणि परत गाडीखाली गेले.

गॅरेजवाल्याने गिअरची पेटी सोडून बाकी सगळं उघडलं. कार्बोरेटर धुतला, प्लग बदलले, हॉर्न दुरुस्त केला. हॉर्न बिघडलाच नव्हता. ती पेटी उघडायला मात्र तो तयार होईना. "देवाचा गाभारा आहे तो, आत हात घालू नये," असं म्हणून त्याने हात जोडले. मग एक निवृत्त फिटर आले. साठीचे, धोतर, काळी टोपी आणि कानामागे पेन्सिल. त्यांनी गिअरच्या तेलाची पट्टी बाहेर काढली, पुसली, आत घातली, पुन्हा काढली आणि डोळ्यांजवळ धरली. तेल खुणेच्या चांगलं वर होतं. "ओव्हरफुल्ल!" ते म्हणाले. "पोट तट्ट फुगलंय हिचं. चढेल कशी?" आणि त्यांनी आपल्या हाताने अर्धा लिटर तेल काढून टाकलं. हे सगळं इंजिन बंद करून. आमच्याकडे गाडीचं बॉनेट उघडायचं तर इंजिन बंदच करायचं. उभ्या गाडीत पेट्रोल जाळणाऱ्याला रत्नागिरीत कुणी मुलगी देणार नाही. एवढंच कशाला, उतार लागला की चालत्या गाडीचंही इंजिन बंद करून गाडी तशीच सोडायची पद्धत. डॉक्टरही तेच करायचे, आणि खाली पोचल्यावर आपण किती वाचवलं ते मला सांगायचे.

आता माझं पाप.

गाडीच्या पुढच्या कप्प्यात एक बारकंसं इंग्रजी पुस्तक होतं. मला छापलेलं काही दिसलं की वाचल्याशिवाय राहवत नाही, भेळीचा कागदसुद्धा मी उलगडून वाचते. तर त्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं की या गिअरचं तेल बघताना गाडी सपाटीवर उभी करावी, ती गरम असावी, आणि इंजिन चालू असावं. फिटर गेले त्याच दुपारी जेवताना मी ते डॉक्टरांना वाचून दाखवलं.

"इंजिन चालू ठेवून तेल बघायचं?" डॉक्टर म्हणाले. "म्हणजे पेशंट पळतोय नि मी त्याचं ऑपरेशन करतोय."

"लिहिलंय तसं."

"छापणाऱ्याची चूक असेल. आणि पेट्रोल काय खाडीतून येतं? तू आपल्या पोरींचे निबंध बघ, मशिनरीतलं तुला काय कळतंय?"

मी ताट उचललं. स्वयंपाकघरात गेले. पुस्तक लोणच्याच्या मोठ्या बरणीमागे ठेवलं आणि मनाशी ठरवलं की हे वाक्य आता माझ्या तोंडून पुन्हा निघायचं नाही. माझ्या माहेरी अबोला धरण्यात आम्हा बहिणींचा हात धरणारं कुणी नव्हतं. मी तर फक्त एका वाक्यापुरताच अबोला धरला होता, बाकी सगळं बोलत होते. त्यामुळे त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

अर्धा लिटर काढल्यानंतर गाडी चढावर चढेचना. आमच्या दारातलाच चढ. पाचपंचवीस पावलं गेली की इंजिन किंचाळायचं आणि गाडी हळूहळू खाली घसरत यायची. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी हात टेकले. वरच्या वाडीत एका म्हातारीला इंजेक्शन द्यायचं होतं, ते राहिलंच. चढाच्या पायथ्याशी त्यांनी गाडी फिरवली आणि घराकडे तोंड करून उभी केली. तेवढ्यात वरून एस.टी. आली. तिला वाट द्यायला म्हणून यांनी दांडी 'मागे'वर टाकली, आणि गाडी मागे, म्हणजे चढावर, अशी काही सुरसुर निघाली की एस.टी.चा ड्रायव्हरच घाबरून थांबला. डॉक्टर मात्र थांबले नाहीत. मी फाटकात उभी होते. बघता बघता ती लांबलचक पिवळी गाडी पाठमोरी सबंध चढ चढून गेली.

याचं कारण आम्हाला फार उशिरा कळलं. पेटीत तेल कमी होतं. गाडीचं तोंड वर असलं की उरलेलं तेल मागे जाऊन बसायचं आणि तेल ओढणारी नळी कोरडी पडायची. गाडी उलटी केली की तेच तेल पुढे, नळीपाशी यायचं. इतकं साधं होतं. पण तेव्हा डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं, 'उलट्या दिशेने पूर्ण आराम. कारण अज्ञात,' आणि उपचार सुरू केला.

साडेचार महिने तो उपचार चालला. सपाटीवर सरळ जायचं. चढ दिसला की पायथ्याशी गाडी फिरवायची आणि पाठमोरी वर न्यायची. वर गेलं की पुन्हा फिरवायची. उतारावर इंजिन बंद. आमच्यापासून पूर्णगडापर्यंत लहानमोठे अकरा चढ होते, म्हणजे जाताना बावीस वेळा गाडी वळायची. येतानाचे चढ वेगळे. डॉक्टरांची मान उजवीकडे वळून तशीच राहायला लागली. जेवतानाही ते माझ्याशी बोलायचे नि बघायचे खिडकीकडे.

लोकांना पहिला आठवडाभर हसू आलं. मग सवय झाली. चढावरच्या शेळ्यासुद्धा मागच्या दिव्यांना ओळखून बाजूला व्हायला लागल्या. मात्र आपल्याकडे कुठलीही गोष्ट नुसती बिघडलेली असू शकत नाही, तिच्यामागे काहीतरी असावंच लागतं. सड्यावर ग्रामदेवतेचं देऊळ आहे, त्याच्या समोरूनच रस्ता जातो. देवापुढून निघताना त्याला पाठ दाखवू नये म्हणून माणसं मागे मागे चालत बाहेर येतात, तसेच डॉक्टर जातायत, असं कुणीतरी म्हणालं. झालं! आठवड्याभरात सगळ्या पंचक्रोशीत ठरून गेलं की डॉक्टरांनी पायासाठी नवस बोललाय, वर्षभर गाडी उलटी चालवीन म्हणून. एक बाई नारळ घेऊन आली. तिच्या जावयाचाही गुडघा धरला होता आणि त्याच्याकडे सायकल होती. तिला विचारायचं होतं की सायकल उलटी चालवता येते का. डॉक्टरांनी तिला मलम दिलं आणि नारळ ठेवून घेतला.

मला याच काळात एक व्यसन लागलं.

घरून निघताना गाडीचं तोंड फाटकाकडे असायचं, कारण चढ दारातच. डॉक्टर आत बसायचे, पाय हाताने उचलून आत घ्यायचे, आणि माझ्याकडे बघायचे. दुसरं बघणार काय, समोर मीच उभी. मग मान वळवून चढायला लागायचे. वळणापाशी आलं की पलीकडून काही येतंय का ते ऐकायला थांबावं लागे. तिथे ते अवघडलेली मान सोडवायला पुढे वळवायचे, आणि पुन्हा समोर मीच. मग एक हात वर करायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं माशी हाकलतायत. दुसऱ्या दिवशीही हात वर झाला. तिसऱ्या दिवशी मीही केला. सतरा वर्षं जो माणूस मागे वळून बघायचा नाही तो आता रोज, कधी दिवसातून दोनदा, माझ्याकडे तोंड करून घरून जात होता. मी आमटीला फोडणी देत असले तरी गॅस बंद करून फाटकात यायला लागले.

मध्ये एकदा डॉक्टरांनी विचारलं, "अगं, ते गाडीचं पुस्तक कुठे गेलं?"

"असेल कुठंतरी," मी म्हटलं.

पहिल्यांदा ते वाक्य मी रागाने गिळलं होतं. या वेळी राग नव्हता. मला लाज वाटली आणि तरीही मी बोलले नाही. माणूस किती हलक्या गोष्टीसाठी किती अवजड खोटं बोलतो ते मला त्या दिवशी कळलं.

गाडी मात्र आणखी आणखी बिघडत होती. एप्रिलअखेर ती सपाटीवरही अडायला लागली, आणि मेच्या सुरुवातीला आमच्या दारातला चढ तिने उलट्या दिशेनेही दोनदा नाकारला. त्या संध्याकाळी डॉक्टर पडवीत बसले आणि सरळ म्हणाले, "पावसाळ्याआधी पाटी उतरवतो. सांगलीला भावाकडे जाऊ. तिथे सगळं सपाट आहे, पेशंट चालत येतील." आवाज अगदी साधा होता, म्हणून माझं धाबं दणाणलं. रागावले असते तर मी भांडले असते. दुसऱ्या दिवशी पूर्णगडला लग्नाला जायचं होतं. रात्रभर मी ठरवत होते की उद्या गाडीत बसल्यावर सांगायचं: अहो, एकदा इंजिन चालू ठेवून तेल बघू या. देवाशपथ सांगणार होते. पण वाटेत अकरा चढ आणि बावीस वळणं. दर चढावर गाडी बंद पडेल म्हणून दोघांचाही जीव मुठीत, आणि डॉक्टरांची मान माझ्या विरुद्ध बाजूला. सांगायचं राहिलं.

लग्न मासेमारी करणाऱ्या एका खारव्याच्या मुलीचं होतं. त्या मुलीला लहानपणी घटसर्प झाला होता तेव्हा डॉक्टर तीन रात्री तिच्या उशाशी बसले होते. त्यामुळे आमची गाडी मंडपाच्या तोंडाशी, नवऱ्यामुलाच्या गाडीच्याही पुढे उभी करायला लावली. मंडपाच्या अंगणात किनाऱ्यावरची पांढरी वाळू आणून पसरली होती. पूर्णगडला ती मंगलकार्याची रीतच. आम्ही जेवून बाहेर आलो तर गाडीभोवती बायकांचा घोळका आणि हसण्याचा गलका. पांढऱ्याशुभ्र वाळूवर, गाडीच्या पोटाखाली, लालभडक थेंबांची रांगोळी पडली होती.

नवरीची आजी काठी टेकत पुढे आली. तिने वाकून बघितलं, नाकाला पदर लावला आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाली, "डाक्तरांच्या गाडीला कावळा शिवला गो बायांनो! चार दिस बाजूला बसवा तिला."

डॉक्टरांनी आयुष्यात शेकड्यांनी बाळंतपणं केली होती, पण त्या क्षणी ते त्या थेंबांहून लाल झाले. मला तर हसता हसता उभं राहवेना.

आमच्या दारात ही गाडी सहा महिने उभी होती. रोज गळत होती. पण आमचं अंगण तांबड्या मातीचं आणि गिअरचं तेलही तांबडं. गळून गळून तेवढ्या जागी माती जरा ओलसर झाली असेल, ती मीच रोज झाडत होते. पाच जाणकार येऊन त्या मातीवर उताणे पडून गेले आणि उठून पाठ झटकून गेले.

मांडवातच नवऱ्यामुलाचा मामा होता, मासेमारीच्या लाँचची इंजिनं दुरुस्त करणारा. हातात अक्षता, डोक्याला फेटा. तो नव्या कोऱ्या सदऱ्यानिशी वाळूवर झोपला आणि गाडीखाली सरकला. बोटाला तेल लावून वास घेतला, जिभेलाही लावलं असावं. मग उठला आणि म्हणाला, "गिअरचा तेल हाय. आमच्या लाँचचा गिअर पन तेलाच्या जोरावर चालतो. तेल किती हाय आत?"

"भरपूर आहे," डॉक्टर म्हणाले. "उलट जास्तच होतं. काढावं लागलं." आणि त्यांनी पट्टी ओढून दाखवली. खुणेच्या थोडं खाली, पण तेल होतं.

"इंजिन चालू करा."

"कशाला?"

"अवो, बंद इंजिनात बगून काय कलनार? पंप थांबला की वरचा सगला तेल खाली येऊन बसतो. चालू करून बगा, आत काय रव्हलाय तो."

डॉक्टरांनी इंजिन चालू केलं. मामाने पट्टी पुसली, आत घातली, काढली. पट्टी सुक्या बोंबलासारखी कोरडी होती.

डॉक्टरांनी हळूच मान वळवून माझ्याकडे बघितलं. साडेचार महिने अवघडलेली ती मान त्या वेळी बरी वळली. मी नवरीच्या आजीला विचारलं की तुमच्याकडे या वर्षी कोकमं कशी झाली.

मामाचं अजून संपलं नव्हतं. "उताराला काय करताव?"

"इंजिन बंद करतो," डॉक्टर अभिमानाने म्हणाले.

मामाने कपाळावर हात मारला, तो फेट्याला लागला. "पंप झोपलेला नि गिअर पलतोय! उपाशी मानसाला धाववल्यासारा. डाक्तर, पेट्रोल वाचवलाव नि गाडी मारत व्हतात."

तो म्हणाला, पेटीचं खालचं पॅकिंग गेलंय. लाँचसाठी आणलेला कॉर्क आहे, त्यातून कापून घालतो. तेल मुंबईहून मागवावं लागेल, उद्याच माणूस जातोय. गाडी इथेच ठेवा. किती दिवस? तर चार. आजीने काठी आपटून सगळ्यांकडे बघितलं.

म्हणून आम्ही एस.टी.ने परत आलो. आणि तिथे माझं हसू गेलं. एस.टी.ची पहिली पायरी डॉक्टरांच्या मांडीइतकी उंच. वाकणारा पाय वर टाकला तर न वाकणारा खाली राहायचा. न वाकणारा आधी तर चढताच येईना. मागे रांग उभी. शेवटी कंडक्टरने काखेत हात घातले, खालून दोघांनी उचललं आणि माझ्या नवऱ्याला आंब्याच्या पेटीसारखं आत ठेवलं. ज्यांनी उचललं त्यांतला एक त्यांचाच पेशंट होता. "डाक्तर, सावकाश," असं प्रेमाने म्हणत होता. डॉक्टरांनी त्याला धन्यवाद दिले, जागेवर बसले आणि आमच्या थांब्यापर्यंत बाहेर बघत राहिले. मी त्यांच्या शेजारी बसले होते. एका वाक्याच्या अबोल्यापायी आणि वळणावरच्या एका हाताच्या लोभापायी मी या माणसाला आयुष्यभर ह्या पायरीशी आणून उभं करणार होते. मला रडू आलं. तिकीट शोधतेय असं दाखवून मी पिशवीत तोंड घातलं.

घरी आल्यावर बरणीमागचं पुस्तक काढलं आणि त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्याला मोहरीचा वास लागला होता. त्यांनी ते नाकाशी नेलं, मग पान उघडून वाचलं.

"कुठे सापडलं?"

"लोणच्याच्या बरणीमागे."

"तिथे कसं गेलं?"

"मी ठेवलं. पौषात."

त्यांनी केसपेपर काढला, चष्मा लावला आणि शेवटच्या ओळीखाली लिहिलं, 'निदान पौषातच झाले होते. नातेवाइकांनी सांगितले होते. डॉक्टरांनी ऐकले नाही.' माझ्या भागाचं काही लिहिलं नाही. मला ते विचारायचं धाडस झालं नाही.

पाचव्या दिवशी मामा स्वतः गाडी घेऊन आला. सगळे चढ सरळ चढला, सगळे उतार इंजिन चालू ठेवून उतरला. शेळ्यांचा फार गोंधळ झाला म्हणाला. चहा पिऊन तो गेला आणि लगेच वरच्या वाडीतून निरोप आला, त्याच इंजेक्शनवाल्या म्हातारीचा. डॉक्टरांनी बॅग घेतली. पाय उचलून आत घेतला. गाडीचं तोंड चढाकडे होतं. मी सवयीने फाटकात येऊन उभी राहिले होते. दांडी पुढे, आणि गाडी कुठेही न अडता, न ओरडता, तोऱ्यात चढायला लागली. मागच्या काचेतून मला त्यांची पाठ दिसत होती. तीच, सतरा वर्षांची ओळखीची.

माझा हात अर्धा वर आलेला होता. तो मी केसांवरून फिरवला आणि स्वतःलाच म्हटलं, हेच हवं होतं ना तुला, मग आता जा आत, आमटी करपेल.

वळणापाशी गाडी थांबली. मागचे लाल दिवे लागले, मग पांढरे लागले. गाडी मागे मागे येत पार फाटकापर्यंत खाली आली. मला वाटलं झालं, पुन्हा बिघडली. मी धावत पुढे गेले.

"काय झालं?"

"काही नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांनी तीनदा मागेपुढे करून ती लांबलचक गाडी वळवली आणि तिचं तोंड माझ्याकडे केलं. "तेल नीट पोचतंय का बघतो, दोन्हीकडून."

मग मान वळवून, पाठमोरी गाडी सबंध चढावर चढवत नेली. वळणापाशी थांबले, पुढे बघितलं आणि हात वर केला.

त्या संध्याकाळी त्यांची मान परत धरली. मी खोबरेल तेल गरम करून चोळून दिलं. पुढे ती गाडी आमच्याकडे नऊ वर्षं होती. बाकीचे सगळे चढ ती सरळ चढायची. आमच्या दारातला तेवढा उलटा.